फोन आपला, किल्ली त्यांच्याकडे

मोबाइलचे अपडेट उशिरा का येते आणि आपण काय करायचे?

न्यू जर्सीत नोकरी करणारा आमचा भाचा दोन वर्षांपूर्वी ईदला घरी आला, तेव्हा त्याने आपल्या नानीसाठी, म्हणजे आमच्या अम्मीसाठी, फोन आणला. तिथल्या मोबाइल सेवा कंपनीकडून त्याने तो हप्त्यांवर घेतला होता. हप्ते फिटले, कंपनीने फोन दुसऱ्या सिमसाठी मोकळा केला, आणि तो अम्मीच्या हातात आला. स्क्रीन मोठी, आवाज खणखणीत. अम्मी खूश, आम्हीही खूश.

वर्षभराने बँकेच्या ॲपने सूचना दाखवली, की या फोनचे सुरक्षा अपडेट जुने आहे. सेटिंग उघडून पाहिले तर शेवटच्या सुरक्षा अपडेटला दहा महिने झाले होते. शेजारच्या भाभींच्या मुलाकडे हेच मॉडेल आहे, चिपळूणच्या दुकानातून घेतलेले. त्याच्या फोनला मागच्याच महिन्यात अपडेट आले होते.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. इथल्या ग्राहक सेवेला फोन लावला, तर उत्तर आले, "सर, हा फोन इथला नाही." भाच्याने तिकडे फोन बनवणाऱ्या कंपनीला विचारले. ती म्हणाली, "तुमच्या सेवा कंपनीने मंजुरी दिली की अपडेट येईल." सेवा कंपनीला विचारले, तर ती म्हणाली, "हा फोन आता आमच्या नेटवर्कवर नाही." तीन दारे वाजवली आणि तिन्ही दारांनी शेजारचे दार दाखवले.

एरवी आम्ही दुर्लक्ष केले असते. पण अम्मीच्या खात्यात अब्बांची फॅमिली पेन्शन जमा होते आणि त्याच फोनवर यूपीआय आहे. त्यातच उमराहची तयारी चालली होती. पासपोर्टचा फोटो, व्हिसा, विमानाचे तिकीट, सगळे त्याच फोनमध्ये. मदिना शरीफमध्ये रियाजुल जन्नाहला हाजिरी द्यायची तर त्याची वेळही आता नुसूक ॲपवरून घ्यावी लागते. एवढे सगळे ज्या फोनच्या भरवशावर, त्याचे दार दहा महिने कोणी तपासलेले नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

अम्मीला सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे फोन आपला, पण किल्ली त्यांच्याकडे."

याहून नेमके आम्हालाही सांगता आले नसते. ही किल्ली त्यांच्याकडे गेली कशी आणि ती थोडीफार परत कशी मिळू लागली, याची माहिती आम्ही जमवली. वाचकांच्या घरातही असे फोन असतील, म्हणून ती इथे देत आहोत.

अपडेट म्हणजे नेमके काय?

अपडेट दोन प्रकारचे असते. एक मोठे, म्हणजे अँड्रॉइडची किंवा आयफोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. त्यात नव्या सोयी येतात, चेहरामोहरा बदलतो. दुसरे लहान, सुरक्षेचे. त्यात दिसण्यासारखे काही नसते. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोके त्यातून बुजवली जातात.

पहिले उशिरा आले तर फार बिघडत नाही. दुसरे उशिरा आले तर बिघडते. कारण एखाद्या भोकाची दुरुस्ती जाहीर झाली, की ते भोक कुठे आहे हे चोरांनाही कळते. ज्याच्या फोनला दुरुस्ती मिळाली तो सुटला. ज्याला मिळाली नाही त्याच्या घराचा पत्ता जणू चौकात लावला गेला.

चार उंबरे

अँड्रॉइड गूगल तयार करते. पण गूगलने केलेली दुरुस्ती थेट आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचत नाही. ती आधी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, कारण सॉफ्टवेअर त्या चिपशी जुळवावे लागते. मग फोन बनवणारी कंपनी त्यात आपली रचना, आपला कॅमेरा, आपली ॲप मिसळते. त्यानंतर, अमेरिकेसारख्या देशात, ती जाते मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीकडे. ती कंपनी आपल्या नेटवर्कवर तपासणी करते, स्वतःची ॲप त्यात आहेत की नाहीत ते पाहते आणि मग मंजुरी देते. हे चार उंबरे ओलांडून दुरुस्ती आपल्यापर्यंत येते.

अमेरिकेत सेवा कंपनीच्या हाती एवढी सत्ता आली, कारण तिथे वर्षानुवर्षे फोन विकले ते याच कंपन्यांनी. दोन वर्षांचा करार करा, महागडा फोन स्वस्तात न्या, अशी ती पद्धत होती. फोन त्यांच्या दुकानातून जायचा, त्यावर त्यांचे नाव असायचे आणि त्यातले सॉफ्टवेअरही त्यांनी मान्य केलेलेच असायचे. फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे खरे गिऱ्हाईक आपण नव्हतोच, ते होते सेवा कंपन्या. मग ऐकायचे कोणाचे, हे उघडच होते.

गूगलच्याच फोनची रखडपट्टी

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे गॅलेक्सी नेक्ससचे. सॅमसंगने गूगलसाठी बनवलेला हा फोन. नेक्सस घ्यायचा तो याचसाठी, की त्याला नवे अँड्रॉइड सर्वांत आधी मिळते. अमेरिकेत डिसेंबर २०११ मध्ये व्हेरायझन या सेवा कंपनीने तो विकायला काढला.

जून २०१२ मध्ये गूगलने अँड्रॉइड ४.१ जाहीर केले. सेवा कंपनीच्या बंधनाशिवाय विकलेल्या गॅलेक्सी नेक्ससना ते जुलैमध्ये मिळू लागले. व्हेरायझनच्या ग्राहकांना त्यासाठी सप्टेंबर उजाडला. पुढची आवृत्ती, ४.२, नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. व्हेरायझनच्या फोनवर ती मालिका पोहोचली मार्च २०१३ मध्ये. नाव तेच, घडण जवळपास तीच, आणि तरी एकाला आठवड्यांत मिळाले ते दुसऱ्याला महिन्यांनी. जास्त चडफडाट झाला तो याचाच. फोन जुना झाला म्हणून अपडेट नाही, हे माणूस समजून घेतो. अपडेट तयार आहे, दुसऱ्याला मिळाले आहे, आपले मात्र कोणाच्या तरी टेबलावर पडून आहे, हे सोसवत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये हे प्रकरण सरकारदरबारी गेले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संघटनेने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे चार मोठ्या कंपन्यांविरुद्ध तक्रार दाखल केली: एटी अँड टी, व्हेरायझन, स्प्रिंट आणि टी-मोबाइल. तक्रारीचे म्हणणे साधे होते. फोनमध्ये माहीत असलेली भोके आहेत, दुरुस्ती उपलब्ध आहे, ती तुम्ही पोहोचवत नाही आणि ग्राहकाला सांगतही नाही. निदान त्याला करार मोडण्याची किंवा फोन बदलून घेण्याची मुभा तरी द्या.

भीती खरी ठरली

जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधले एक मोठे भोक उघडकीला आले. त्याला 'स्टेजफ्राइट' असे नाव पडले. खास बनवलेला व्हिडिओ संदेशातून पाठवला, की मालकाने तो उघडण्याआधीच फोनमध्ये शिरकाव करता येईल, असा तो दोष होता. शोधणाऱ्या झिंपेरियम या सुरक्षा कंपनीचा अंदाज होता, की जगभरातल्या सुमारे ९५ कोटी उपकरणांना त्याचा धोका आहे.

गूगलकडे दुरुस्ती तयार होती. प्रश्न होता ती चार उंबरे ओलांडून लोकांपर्यंत केव्हा पोहोचणार हा. या प्रकरणानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट काढण्याची पद्धत सुरू केली. सॅमसंगनेही दरमहा अपडेट देऊ असे जाहीर केले. आज सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची जी तारीख दिसते, ती याच धड्याची आठवण आहे.

मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या दोन सरकारी संस्थांनी मिळून चौकशी हाती घेतली. फेडरल ट्रेड कमिशनने ॲपल, गूगल, सॅमसंग यांच्यासह आठ कंपन्यांकडून माहिती मागवली. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने सेवा कंपन्यांना पत्रे लिहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रेड कमिशनचा अहवाल आला. कोणत्या फोनला किती काळ अपडेट मिळेल याचा काही मेळ नाही आणि ग्राहकाला याची धड माहितीही मिळत नाही, असा त्याचा सूर होता. फोन विकतानाच किमान किती काळ सुरक्षा अपडेट देणार ते सांगा, अशी शिफारस त्यात होती.

त्यांचीही बाजू आहे

एकाच बाजूने लिहिणे बरे नाही. सेवा कंपन्या तपासणी करतात ती निव्वळ अडवणुकीसाठी नाही. अपडेटमुळे कॉल लागेनासे झाले, विशेषतः पोलीस किंवा रुग्णवाहिकेला लावायचा आपत्कालीन कॉल अडला, तर शिव्या फोन कंपनीला नाही, सेवा कंपनीला बसतात. तपासणी हवीच. तक्रार आहे ती मुदत नसलेल्या तपासणीची.

या सत्तेची खरी कसोटी २०१६ मध्ये लागली. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ पेट घेऊ लागला आणि कंपनीने तो परत मागवला. तरीही काही लोक तो वापरत राहिले. तेव्हा सॅमसंगने डिसेंबरमध्ये एक अपडेट काढायचे ठरवले, ज्यामुळे फोन चार्जच होणार नाही. व्हेरायझनने ते पुढे पाठवायला नकार दिला. ज्याच्याकडे दुसरा फोन नाही तो अडचणीच्या वेळी कोणाला हाक मारणार, असा त्यांचा सवाल होता. शेवटी नाताळची सुट्टी उलटल्यावर, जानेवारी २०१७ मध्ये, त्यांनी ते अपडेट सोडले.

त्यांचा सवाल खोटा नव्हता. पण पेट घेणारा फोन बंद करायचा की नाही, हा निर्णयही शेवटी सेवा कंपनीच्या हाती होता, हे त्यातून सगळ्या जगाला दिसले.

आयफोनचे वेगळे

ॲपलने हा प्रश्न सुरुवातीलाच वेगळ्या रीतीने सोडवला. २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत एटी अँड टी या एकाच कंपनीकडे विकायला गेला, पण सॉफ्टवेअरची किल्ली ॲपलने स्वतःकडे ठेवली. अपडेट ॲपलकडून थेट ग्राहकाला. म्हणून कोणत्याही देशातला, कोणत्याही सिमचा आयफोन असो, अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी दिसते. अँड्रॉइडवाल्यांना हे जमले नाही, कारण त्यांना सेवा कंपन्यांची दुकाने हवी होती आणि त्या दुकानांची अट पाळणे भाग होते.

आपल्याकडे काय?

भारतात फोन एका दुकानातून आणि सिम दुसरीकडून, अशीच सवय आहे. अपवाद होऊन गेले. २००३ मध्ये रिलायन्सचे फोन आले ते त्यांच्याच नेटवर्कवर चालायचे, हे अनेकांना आठवत असेल. २००८ मध्ये आयफोन ३जी आला तोही एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. पण एकंदरीत आपल्या फोनवर सिमवाल्यांची सत्ता नाही. इथे अपडेट रखडते ते बहुतेक वेळा फोन बनवणाऱ्या कंपनीकडे.

२०२२ मध्ये तर आपल्याकडे उलटीच गंगा वाहिली. १ ऑक्टोबरला ५जीचे उद्घाटन झाले. एअरटेलने आठ शहरांत सेवा सुरू केली, त्यात मुंबई आणि नागपूर ही आपली दोन शहरे होती. जिओने काही दिवसांतच मुंबईसह चार शहरांत चाचणी स्वरूपात सुरुवात केली. नेटवर्क तयार, लोकांच्या हातात ५जीचे फोन तयार, आणि तरी अनेकांना ५जी मिळेना. कारण फोन कंपन्यांनी भारतातल्या नेटवर्कसाठी ती सोय सॉफ्टवेअरमधून उघडलीच नव्हती. दोन वर्षांपासून '५जी फोन' म्हणून जास्तीचे पैसे मोजलेले लोक तोंडाकडे बघत राहिले. सरकारला फोन कंपन्या आणि सेवा कंपन्या यांना एकत्र बसवून घाई करायला सांगावे लागले. आयफोनवाल्यांना त्यासाठी डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ पर्यंत थांबावे लागले.

म्हणजे दोष नेहमी सिमवाल्याचाच असतो असे नाही. साखळीतली कोणतीही कडी अडली, की गैरसोय होते ती शेवटच्या माणसाची. आणि आमच्यासारख्या घरांत, जिथे फोन दुबई, दोहा, लंडन किंवा अमेरिकेहून कोणाच्या तरी बॅगेतून येतो, तिथे परदेशातल्या साखळीची एखादी कडीही फोनबरोबर येऊ शकते.

काय बदलले

परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने सॉफ्टवेअरची रचनाच बदलली. चिपशी जोडलेला भाग वेगळा काढला, त्यामुळे नवी आवृत्ती जुळवण्याचे काम हलके झाले. २०१९ पासून अँड्रॉइडचे काही महत्त्वाचे भाग थेट प्ले स्टोअरच्या वाटेने दुरुस्त होऊ लागले. त्यासाठी ना फोन कंपनीची वाट पाहावी लागते, ना सेवा कंपनीची.

मुदतीही वाढल्या. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. स्वस्त फोनांत अशी वचने कमी काळाची असतात, पण आता तिथेही कंपन्या वर्षे मोजून सांगू लागल्या आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या फोनांसाठी किमान पाच वर्षांचा नियम लागू झाला आहे. लोकांनी तक्रारी केल्या, संघटनांनी पाठपुरावा केला, तेव्हा हे घडले.

घरी करण्यासारखे

तारीख पाहा. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' किंवा 'सुरक्षा' या ठिकाणी सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तीन-चार महिन्यांहून जुनी असेल तर हाताने अपडेट शोधा. तिथेच 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' असा वेगळा पर्याय असतो, तोही दाबून पाहा. अनेकांना तो माहीतच नसतो.

घेताना विचारा. कॅमेरा किती, बॅटरी किती, हे सगळेच विचारतात. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार आणि ती वर्षे कधीपासून मोजायची, हेही विचारा. मोजणी बहुधा फोन बाजारात आला त्या दिवसापासून असते, आपण घेतला त्या दिवसापासून नाही. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत मिळते, तेव्हा त्यातली दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात.

परदेशातून मागवताना. पाहुण्यांना सांगा, की सेवा कंपनीचा, हप्त्यांचा फोन नको. कोणत्याही सिमवर चालणारा, कंपनीच्या दुकानातला फोन आणा. पैसे थोडे जास्त पडतील, डोकेदुखी वाचेल. हमी भारतात चालते का, हेही आधीच विचारून घ्या.

जुन्या फोनला सोपे काम द्या. ज्याला अपडेट मिळत नाही असा फोन फेकून द्यायला हवा असे नाही. त्यावर बँक, यूपीआय, आधार, पासपोर्टचे फोटो ठेवू नका. तिलावत ऐकायला, गजर लावायला, मुलांना उजळणी करायला तो चालेल. मात्र तो किती काळ चालेल हे आपल्या हाती नाही. २०२५ सुरू झाले तेव्हा व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ वर चालणाऱ्या जुन्या फोनची साथ सोडली.

खोट्या अपडेटपासून सावध. खरे अपडेट सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधून येते. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून 'बँकेचे नवे ॲप' किंवा 'मोबाइल अपडेट' म्हणणारा माणूस चोर आहे असेच समजा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. फोन कंपनीने दिलेले वचन पाळले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवायला लाजू नका.

अम्मीच्या फोनला अपडेट आलेच नाही. आम्ही शेवटी वाट पाहणे सोडले. भाच्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला आधी विचारले. तो म्हणाला, "मामू, नानीचे पैसे महत्त्वाचे, माझा फोन नाही." बँक, यूपीआय आणि पासपोर्टचे सगळे त्या फोनमधून काढले, आणि चिपळूणच्या बाजारात अम्मीला घेऊनच गेलो.

दुकानातला मुलगा उत्साहाने एकेक फोन दाखवत होता. कॅमेऱ्याचे आकडे सांगत होता. अम्मीने ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, याचं सुरक्षेचं अपडेट किती वर्षं येणार?" मुलगा गडबडला. आत जाऊन मालकाला विचारून आला. एकाची तीन वर्षे होती, दुसऱ्याची सहा. अम्मीने सहाचा घेतला. कॅमेरा जरा कमी होता, पण तिचे काही अडले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्याला, असरनंतर चहा होतो तेव्हा, घरातले सगळे फोन टेबलावर येतात आणि प्रत्येकाची तारीख पाहिली जाते. दहा मिनिटांचे काम. पाहायची आठवण मात्र दर वेळी अम्मीच करते.